मेक्सिकोत रस्त्यावर स्वस्तात जेवायचं तर घड्याळ बघून खा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं एक जोडपं आणि त्यांच्या 72 वर्षांच्या आई डिसेंबरात बारा दिवस मेक्सिकोला येताहेत. मेक्सिको सिटी, मग वाहाका, शेवटी मेरिदा. दोघं चिकन, मटण, मासे खातात, गाय-डुक्कर नाही. आई शाकाहारी, अंडंही वर्ज्य, आणि त्या दिवसांत एक एकादशी येते. हॉटेलच्या जेवणावर पैसे घालवायचे नाहीत, गाड्यांवर आणि मंडईत खायचंय. पण कोणीतरी "तिथं बाहेर खाल्लंत तर दोन दिवस पोट धरून बसाल" असं सांगून घाबरवलंय. स्वस्तात, आईंचा नेम सांभाळून आणि आजारी न पडता हे जमेल का?

जमेल. मी मूळची सांगलीची, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. गेली नऊ वर्षं मेक्सिको सिटीत राहून कारखान्यांची कँटीन आणि मोठी स्वयंपाकघरं तपासायचं काम करते. अन्नात खुपसायचा थर्मामीटर कायम माझ्या पिशवीत असतो, आणि माझं स्वतःचं दुपारचं जेवण आठवड्यातले चार दिवस तरी रस्त्यावर किंवा मंडईत होतं. तेव्हा पुढचं सगळं दोन्ही बाजूंनी बघून लिहिलंय.

आधी जे तुमच्यावर अवलंबून आहे ते. आईंचा नेम "ताटात मांस नको" इथपर्यंत आहे, की "मांस भाजलेल्या तव्यावरचं चालणार नाही" इथपर्यंत, हे घरून निघायच्या आधी शांतपणे बसून ठरवा. पहिलं असेल तर बारा दिवस मजेत जातील. दुसरं असेल तर निवड कमी होते, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. चीज कशानं विरजलंय, वासराच्या जठरातल्या रेनेटनं की दुसऱ्या कशानं, हे गाडीवर कोणालाच सांगता येत नाही. तेवढा कडक नेम असेल तर चीज सोडावं लागेल. दुसरी गोष्ट पोटाची. "आम्ही भारतात सगळीकडे खातो, आम्हाला काय होणार" असं म्हणून लोक येतात. आपल्या पोटाला सवय असते ती आपल्याकडच्या पाण्याची. इथल्या पाण्याची सवय बारा दिवसांत होत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही "कुठं खायचं" असं विचारलंय. मी माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी "कधी खायचं" ते सांगते. आपल्याकडे वडापाव सकाळी सातला मिळतो आणि रात्री अकरालाही. मेक्सिकोत पदार्थाला वेळ आहे. सकाळी सात ते दहा मेट्रोच्या तोंडाशी तामालचे, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थाचे, मोठे वाफेचे डबे असतात. नऊ ते एक-दीड गिसादो, म्हणजे मातीच्या खोलगट भांड्यांत मांडलेल्या रस्साभाज्या, त्या ताकोत, म्हणजे दुमडलेल्या मक्याच्या पोळीत, घालून देतात. सायकलवर निळ्या प्लास्टिकनं झाकलेली टोपली दिसली तर ते ताकोस दे कानास्ता, म्हणजे टोपलीतले ताको, तेही सकाळचेच. दोन ते साडेचार हे इथलं खरं जेवण, कोमिदा कोर्रिदा. त्यानंतर रस्ता थोडा निवांत होतो. सहा-साडेसहाला मक्याच्या दाण्यांचे आणि रताळ्यांचे गाडे निघतात, आणि आठनंतर उभ्या सळईवरच्या मांसाचे ताको सुरू होतात, ते मध्यरात्र उलटेपर्यंत. बार्बाकोआ, म्हणजे खड्ड्यात शिजवलेलं मांस, फक्त शनिवार-रविवारी सकाळी; दुपारी एकपर्यंत भांडं रिकामं.

ही वेळ पाळणं म्हणजे नुसती रीत पाळणं नव्हे. गाडीवरच्या बाईनं पहाटे चारला उठून जे शिजवलं ते तीन-चार तासांत विकलं जाईल एवढंच शिजवलेलं असतं. त्या वेळात भांडं गरम असतं, समोर गिऱ्हाईक असतं, तळ दिसायला लागलेला असतो. वेळ टळली की तेच अन्न कोमट होऊन बसतं. शिजवलेलं अन्न साठ अंशांच्या वर असेल तोवर जंतूंना वाढता येत नाही. त्याखाली आलं आणि हवा उबदार असली की काही जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. मी पहिल्या वर्षी एका छोट्या गावात कामावरून उशिरा सुटले, संध्याकाळी साडेपाचला सकाळच्या गिसादोच्या गाडीवर उभी राहिले. बटाट्याची भाजी दिसायला छान होती, हाताला कोमट लागली, भूक इतकी होती की खाल्ली. पुढचे तीन दिवस मी खोलीबाहेर पडले नाही. तीच भाजी त्याच गाडीवर सकाळी दहाला खाल्ली असती तर काही झालं नसतं, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

पैशाचंही तसंच. कोमिदा कोर्रिदा देणाऱ्या छोट्या खानावळीला फोंदा म्हणतात. बाहेर फळ्यावर खडूनं आजचे पदार्थ लिहिलेले असतात. आधी सूप, मग भात किंवा शेवया, मग एक गिसादो, बरोबर मक्याच्या गरम पोळ्या आणि मोठं भांडं भरून सरबत, क्वचित शेवटी जेली किंवा खिरीची वाटी. मी राहते त्या भागात हे सगळं मिळून साधारण 90 ते 120 पेसो पडतं. पेसो साडेचार-पाच रुपयांच्या आसपास धरा. रात्री त्याच गल्लीत मेनूकार्डावरून तेवढंच मागवलंत तर दुपटीहून जास्त जातात. शिवाय मेक्सिको सिटी 2,240 मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या दीडपटीहून उंच. पहिले दोन दिवस भूक आणि झोप दोन्ही बिघडतात. आईंनी मोठं जेवण दुपारी आणि रात्री हलकं ठेवलं तर त्यांना बरं वाटेल, आणि खर्चही आपोआप आवरेल.

आता आईंचं पथ्य. सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे मांतेका, म्हणजे डुकराची चरबी. हा शब्द आईंसाठी आहे तितकाच तुम्हा दोघांसाठीही आहे, कारण डुक्कर तुम्हीही खात नाही. तामालचं पीठ जवळजवळ सगळीकडे मांतेका घालून फेसतात, अगदी गुलाबी गोड तामालचंसुद्धा. तेव्हा "मिरची-चीजचा तामाल म्हणजे शाकाहारी" हा समज सोडा. शिजवून घोटलेल्या काळ्या घेवड्यात बऱ्याचदा मांतेका असते. टोपलीतल्या बटाट्याच्या ताकोवर तापवलेलं तेल किंवा चरबी ओततात. विचारल्याशिवाय घेऊ नका. भात आणि सूप कोंबडीच्या पाण्यात किंवा त्या चवीच्या पावडरीत शिजवलेलं असतं, हे फोंदात गृहीतच धरा.

उलट मक्याची पोळी, तोर्तिया, मका-चुना-पाणी एवढ्यावरच होते. उत्तरेकडच्या गव्हाच्या पोळीत मात्र चरबी घालतात. तुम्ही जाताय त्या तिन्ही ठिकाणी मक्याचीच जास्त, पण हातात आलेली पोळी पांढरी, लवचिक, मैद्याच्या वासाची असेल तर विचारा.

"सिन कार्ने" म्हणजे "मांस नको" असं सांगून भागत नाही. इथं कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गाय-डुकराचं लाल मांस येतं. चिकन किंवा हॅम त्यांच्या हिशेबात मांस नसतं, आणि ते प्रेमानं घालून देतात. म्हणून आईंसाठी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: नो कोमे कार्ने, नि पोयो, नि हामोन, नि पेस्कादो, नि उएवो, नि मांतेका. मांस, कोंबडी, हॅम, मासे, अंडं, चरबी खात नाहीत. कागद दाखवला की गाडीवरची बाई तव्याकडे बघून एकेक बोटावर मोजत सांगते, हे चालेल, हे नाही चालेल. वयस्कर बाई समोर असली की इथले लोक फार आस्थेनं वागतात. आईंना पुढे उभं करा.

आईंचा सगळ्यात भरवशाचा पदार्थ त्लाकोयो. माझ्या घराजवळ दर मंगळवारी तियांगिस भरतं. तियांगिस म्हणजे आपला आठवडी बाजार, शब्द नावात्ल या इथल्या जुन्या भाषेतला. त्याच्या टोकाला एक बाई जमिनीवर बसतात, पुढ्यात कोळशावर लोखंडी तवा, त्याला कोमाल म्हणायचं. शेजारी टोपल्यात ओल्या फडक्याखाली निळ्या मक्याचं पीठ. त्या लिंबाएवढा नाही, चांगला संत्र्याएवढा गोळा घेतात, अंगठ्यानं खळगा करतात, त्यात वाटलेल्या सुक्या बाकल्याचं (वालासारख्या मोठ्या दाण्याच्या कडधान्याचं) पुरण भरतात, तोंड बंद करून दोन्ही तळव्यांत थापतात. आपण भाकरी थापतो तसा आवाज येतो, पण आकार गोल नाही, दोन्ही टोकांना निमुळता, सुतकताईच्या चातीसारखा. कोरड्या तव्यावर टाकला की आधी गडद निळा, मग कडा राखाडी, मग मधोमध फुटून पुरणाची वाफ येते. वर चिरून शिजवलेल्या निवडुंगाची कोशिंबीर, कांदा, कोथिंबीर, कुस्करलेलं चीज, हिरवी साल्सा, म्हणजे चटणी. पिठात चरबी नाही, तव्यावर तेल नाही. 30 पेसोंच्या आसपास एक, आणि एकात माझी न्याहारी होते. घेवडा किंवा रेकेसोन, म्हणजे ताज्या चीजचं पुरणही असतं. घेवड्याच्या पुरणाला मांतेका आहे का ते विचारा, बाकल्याचं मी आजवर चरबीशिवायच खाल्लं आहे.

चुन्याचं सांगितलं म्हणून थोडं विषयांतर. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, सकाळी साल चोळून काढतात आणि ओलाच दळतात. पानाला लावतो तोच चुना. आपल्याकडे मक्याची भाकरी थापायला किती जपावं लागतं, कडा कशा चिरतात ते आईंना माहीत असेल. चुन्यानं पिठाला चिकटपणा येतो, म्हणून इथली पोळी न तुटता दुमडते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मक्यात अडकून राहिलेलं नियासिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळे मोकळं होतं आणि कॅल्शियमही मिळतं. दोन त्लाकोयो खाऊन माणूस दिवसभर राबू शकतो. 2010 साली युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात शेतापासून चुन्यापर्यंतची ही सगळी रीत आहे. तुम्ही तीस पेसोत ती खाताय.

त्लाकोयोवालीकडेच बहुधा केसादियाही, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळ्या, असतात. मेक्सिको सिटीत केसादियात चीज असेलच असं नाही, "कोन केसो" म्हणावं लागतं. आईंनी भोपळ्याच्या फुलांची, मशरूमची आणि वित्लाकोचेची मागावी. वित्लाकोचे ही मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी, दिसायला काजळासारखी, चवीला मातीसारखी खोल आणि थोडी गोड. नको वाटली तर सोडा, पण माझ्या सासूबाईंनी इथं येऊन सगळ्यात जास्त तीच खाल्ली. "आल कोमाल, सिन आसेइते" म्हणालात तर तळण्याऐवजी कोरड्या तव्यावर भाजून देतात. पावसाळ्याबाहेरही मंडईत केलीतेस, म्हणजे पालेभाज्या मिळतात. त्यातल्या बेर्दोलागास म्हणजे आपली घोळ. फोंदात ती बहुतेक डुकराच्या रश्श्यात करतात, तेवढं बघा. निखळ गहू-पिठाचा "चिचारोन दे आरीना" मात्र आईंनी खुशाल घ्यावा. चिचारोन हे डुकराच्या कातड्याचं नाव असलं तरी हा आपल्या कुरडईसारखा फुलवलेला पिठाचा पदार्थ आहे, वर लिंबू आणि तिखट.

संध्याकाळचे एस्कीतेस, म्हणजे कपातले मक्याचे दाणे, आईंना आवडतील, पण दोन गोष्टी सांभाळा. त्यावर मेयोनीज घालतात आणि त्यात अंडं असतं. "सिन मायोनेसा" म्हणा. आणि काही गाड्यांवर दाणे कोंबडीच्या पायांबरोबर उकळतात. भांड्यात डोकावून बघितलं की कळतं. शंका आली तर भाजलेलं कणीस, एलोते, नुसतं लिंबू-तिखट-मीठ लावून घ्या.

तुम्हा दोघांचं मांस. ताकोच्या गाडीवर रेस म्हणजे गाय, पुएर्को किंवा सेर्दो म्हणजे डुक्कर, पोयो कोंबडी, बोर्रेगो मेंढी, चिवो बोकड. पास्तोर म्हणजे मेंढपाळ, म्हणून "ताकोस आल पास्तोर" मटणाचे वाटतात. ते डुकराचे असतात. ही पद्धत लेबनॉनहून आलेल्या लोकांनी आणली, शावर्मासारखी. इथं येऊन मांस बदललं, नाव राहिलं. सुआदेरो, बिस्तेक, लेंगुआ गायीचं. कार्नीतास, लोंगानिसा डुकराचं. रात्रीच्या ताकोवर सगळं एकाच तव्यावर, एकाच सुऱ्यानं होतं. त्यामुळे रात्रीचे ताको तुमच्यासाठी जवळपास बाद आहेत. 2024 मध्ये उत्तम जेवणघरांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेनं सान राफाएल वस्तीतल्या ज्या छोट्याशा ताकोच्या दुकानाला तारा दिला, तिथंही गाय-डुक्करच आहे. त्या रांगेत वेळ घालवू नका.

त्याऐवजी रविवारी सकाळी बार्बाकोआ गाठा. राजधानीच्या आसपास ती मेंढीची असते, घायपातीच्या पानांत गुंडाळून रात्रभर जमिनीतल्या खड्ड्यात शिजवलेली. खाली पातेलं ठेवलेलं असतं, त्यात मांसाचा रस गळतो, तांदूळ-हरभरे घालून त्याचं कोन्सोमे होतं. आधी एक कप कोन्सोमे घ्या, मग ताको. किलोवर घेतलंत, म्हणजे पाव किलो मांस आणि सोबत पोळ्या, तर ताकोमागे दर देण्यापेक्षा स्वस्त पडतं. मला हा इथला सगळ्यात चांगला मांसाहार वाटतो. बिर्रिया, म्हणजे मसाल्यात शिजवलेलं रस्सेदार मांस, मूळची बोकडाची, पण राजधानीत आता बरीच गायीची असते, "एस दे चिवो?" असं विचारूनच बसा.

आता साल्सा. माझ्या अनुभवात प्रवासी आजारी पडतात ते मांसानं कमी आणि साल्सा, कच्च्या भाज्या आणि हातांमुळे जास्त. मांस तव्यावर चरचरतंय, तिथं जंतूंना जागा नाही. पण वाटलेली कच्ची साल्सा सकाळपासून उन्हात उघडी, त्यात शंभर लोकांनी चमचा घातलेला. भांडं नुकतंच भरून घेतलेलं दिसलं, किंवा मी उभी असताना नवीन ओतली, तरच घेते. भाजलेल्या-शिजवलेल्या मिरचीची साल्सा कच्चीपेक्षा बरी. पहिले तीन दिवस तुम्ही फक्त लिंबू आणि मीठ घ्या, चौथ्या दिवसापासून साल्सा. लिंबू स्वतः पिळा.

गाडी निवडताना मी चार-पाच मिनिटं बाजूला उभी राहून बघते. पैसे घेणारा आणि अन्न हाताळणारा वेगळा आहे का? एकटीच बाई असेल तर ती पैसे हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून घेते का? ताटलीवर प्लास्टिकची पिशवी घातलेली असते, ती गिऱ्हाईकामागे बदलतात. हे घाणेरडं नाही, उलट चांगलं आहे, कारण रस्त्यावर भांडी धुवायला वाहतं पाणी नसतं. गर्दी बघायचीच, पण कोणाची ते बघा. सरकारी दवाखान्याच्या, शाळेच्या, कचेरीच्या दारातल्या गाडीवर तीच माणसं रोज येतात. एकदा पोट बिघडलं तर दुसऱ्या दिवशी सगळा वॉर्ड पाठ फिरवेल, हे त्या बाईला माहीत असतं. स्मारकासमोरच्या गाडीचं गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या शहरात असतं. रोमा-कोंदेसासारख्या पाहुण्यांच्या वस्तीतून दोन चौक पलीकडे मेट्रोच्या दिशेनं चालत गेलात तरी दर उतरतो.

पाणी बाटलीचं. फोंदातलं सरबत बहुधा गार्राफोन, म्हणजे 20 लिटरच्या मोठ्या बाटलीतल्या पाण्याचं असतं, "एस आगुआ दे गार्राफोन?" विचारायला लाजू नका, कोणी रागावत नाही. मधे भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यातला, शुद्ध पाण्याचा. हामाइकाचं लाल सरबत घ्या. ती लाल अंबाडीचीच बोंडं आहेत, आईंना पहिल्या घोटात ओळख पटेल.

वाहाकात मंडई हेच जेवणघर समजा. 20 दे नोविएम्ब्रे मंडईत धुरानं भरलेली मांस भाजायची गल्ली प्रसिद्ध आहे, पण तिथं बहुतेक गाय-डुक्कर. तुमच्यासाठी आतली जेवणाची बाकं आणि शेजारची बेनितो हुआरेस मंडई. मेमेला (छोटी जाड पोळी) आणि त्लायुदा या दोन्हींवर आसिएंतो लावतात. आसिएंतो म्हणजे डुकराची चरबी कढवल्यावर तळाशी उरतो तो तपकिरी थर. तुपासारखा एक पातळ हात मारलेला असतो, दिसतच नाही. "सिन आसिएंतो" हे वाहाकात पोहोचल्यावर पहिलं वाक्य. त्याशिवायची त्लायुदा, कुरकुरीत मोठी पोळी, त्यावर घेवडा, कोबी, केसियो चीजच्या दोऱ्या, ही तिघांत एक पुरते. ती संध्याकाळनंतरची. काळ्या मोलेत, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या घट्ट रश्श्यात, कोंबडीचं पाणी असतं, ते आईंनी टाळावं. सकाळी पाण्यात घुसळलेलं गरम चॉकलेट घ्यावं; सोबतच्या पिवळ्या पावात अंडं असतं, नावातच "येमा", म्हणजे पिवळा बलक आहे. मंडईतलं तेहाते, मका आणि कोकोचं फेसाळ गार पेय, चवीला फार सुंदर, पण ते हातानं घुसळतात आणि गारच पितात. मी पिते. आईंना देणार नाही.

मेरिदा आईंसाठी तिन्हींत अवघड आहे. तिथली कोचिनीता डुकराची, पापाद्झुलेसमध्ये अंडं, मार्केसिता नावाच्या कुरकुरीत गुंडाळीच्या पिठातही अंडं. तुम्हाला तिथं टर्की मिळेल, पावो म्हणतात, साल्बूतेवर, म्हणजे तळून फुगवलेल्या मक्याच्या पोळीवर, घालून. तळायचं तेल विचारा. आईंसाठी भोपळ्याच्या बियांची सिकिल पाक ही चटणी आणि मक्याच्या पोळ्या, लुकास दे गाल्वेस मंडईतली फळं, आणि चाया या पालेभाजीचं आणि लिंबाचं हिरवं सरबत. आबानेरो मिरचीची साल्सा वेगळ्या वाटीत येते, कोल्हापूरच्या माणसानंही थेंबानं सुरुवात करावी. एक दिवस सरळ तोर्तियेरियातून अर्धा किलो गरम पोळ्या आणा, मंडईतून अवोकाडो, टोमॅटो, कांदा. खोलीवर धुऊन कापा. भाज्या निर्जंतुक करायचे थेंब कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं पाण्यात ठेवायचं. तिघांचं जेवण शंभर-सव्वाशे पेसोत होतं, आणि आई स्वतःच्या हातचं खातात.

पैशाचा अंदाज: सकाळी त्लाकोयो किंवा केसादिया आणि गरम पेय मिळून 60-70, दुपारी 100-120, संध्याकाळी 50-60. माणशी अडीचशे पेसो धरा, तिघांचे साडेसातशे. एटीएममधून पाचशेच्या नोटा येतात आणि गाडीवर त्या मोडत नाहीत; सकाळीच दुकानातून पाणी घेऊन मोडून ठेवा. गाडीवर आधी खायचं, मग पैसे. शेवटी विचारतात, "किती झाले?" आणि तुम्ही सांगाल तो आकडा मानतात. म्हणून मोजून खा. फोंदात दहा टक्के ठेवायची रीत आहे, गाडीवर वरची सुटी नाणी ठेवली तरी पुरे. उठताना शेजारच्या अनोळखी माणसालाही "प्रोवेचो" म्हणतात, सावकाश होऊ द्या अशा अर्थानं. एवढा एक शब्द म्हटला की पुढच्या वेळी बाई तुम्हाला ओळखते.

तरीही पोट बिघडलं तर औषधाच्या दुकानात "सुएरो ओराल" मागा, ते आपलं ओआरएस. बऱ्याच दुकानांना लागूनच डॉक्टरची छोटी खोली असते, तपासणी फार स्वस्तात होते. ताप आला, रक्त दिसलं किंवा आईंना पाणीही टिकेना तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

राहता राहिली एकादशी, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा सोपी आहे. राजगिरा, शेंगदाणे, रताळी, बटाटे हे आपल्या उपासाचे पदार्थ अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. मंडईत आणि मेट्रोच्या बाहेर आलेग्रीया मिळते, ती लाह्या आणि गुळासारखा पाक घालून केलेली राजगिऱ्याची चिक्कीच आहे. पपई, पेरू, चिकू मिळतील. डिसेंबरात संध्याकाळी गरम पोंचे विकतात, पेरू, ऊस, चिंच घालून उकळलेलं; त्यात कधी दारूही घालतात, "सिन पिकेते" म्हणून सांगा. आणि मेक्सिको सिटीत अंधार पडल्यावर रस्त्यातून एक लांब, कर्कश, हळूहळू खाली उतरत जाणारी शिट्टी ऐकू येईल. पहिल्यांदा दचकायला होतं. तो रताळ्यांचा गाडा असतो, कामोते, आत लाकडाची भट्टी आणि वाफेवर वाजणारी शिट्टी. शिट्टी ऐकली की लगेच खाली उतरा, गाडा थांबून राहत नाही. त्यावर घट्ट गोड दूध ओततात. आईंना उपासाला चालत असेल तर घ्या, नाहीतर "सोलो कामोते" म्हणा, नुसतं रताळं सालीसकट कागदात गरम गरम देतात.